ताईने सांगितलेला पूर्वार्ध

शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची. कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे. तिच्यापुढे शर्ट यायचा तो जवळजवळ पुरा होऊन, बटणांची घरं तेवढी राहिलेली. सगळे तिला काजवाली म्हणत, तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. यंत्रांच्या खडखडाटात दिवसभर बोलायची सोय नव्हती. बोलणं सगळं घरी, ताईशी.

आई-वडिलांच्या माघारी दोघी बहिणी एका खोलीत राहायच्या. लग्नं राहून गेली होती. आधी ताईचं, मग ताईचं झालं नाही म्हणून हिचं. दोघींना नाद एकच, कादंबऱ्यांचा. रद्दीच्या दुकानातून हाताला लागेल ते आणायचं. खुनाची पातळ पुस्तकं, प्रेमाची त्याहून पातळ, आणि शाळेत ज्यांची नुसती नावं पाठ केली होती अशी थोर, जाडजूड पुस्तकंही. पण पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी. रोजच्या ओढाओढीला कंटाळून ताईने एकदा एक जाडी कादंबरी सुरीने मधोमध कापली. पूर्वार्ध थोरलीला, उत्तरार्ध धाकटीला. संध्याकाळी भाजी निवडताना ताईने मागची गोष्ट सांगायची, असं ठरलं, आणि पुढे प्रत्येक पुस्तकाला तोच नियम झाला.

त्यामुळे कादंबरीतली माणसं काजवालीला भेटायची ती लग्नं होऊन, भांडणं होऊन, निम्मी मरून. थोर लेखकांबद्दल तिचं मतच बनलं होतं की यांची माणसं नुसती पस्तावत बसलेली असतात. खुनाच्या पुस्तकांचं बरं, म्हणायची. तिथे मेलेल्यासाठी कुणी रडत नाही, सगळे कामाला लागतात. ताई म्हणायची, थांब जरा, आधी ते किती हसत होते ते सांगते. आणि सांगायची.

एका कादंबरीने मात्र धाकटीला फार छळलं. तिच्या उत्तरार्धात घर सोडून गेलेली एक बाई हिवाळ्यात परत येते आणि दार वाजवत राहते. नवरा आत दिव्यापाशी बसलेला असतो. तो उठत नाही. बाई पायरीवरच बसून राहते, आणि सकाळी ती तिथे नसते. काजवालीच्या घशाखाली घास उतरेना. हा का नाही उठला, असं तिने ताईला पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हा ताई म्हणाली, "अगं, त्याला कमी ऐकू येतं. माझ्या भागात आहे ना तसं. त्याला कळलंच नाही ती आल्याचं." मग काजवाली जेवली. वाईट वाटलंच, पण ते वेगळं वाईट होतं. पुढे कधीही थोर पुस्तकांचा विषय निघाला की ती त्या बिचाऱ्या बहिऱ्याची गोष्ट सांगायची.

पन्नाशी उलटल्यावर ताईचं लग्न झालं. नळदुरुस्ती करणारा एक विधुर मोरीतला नळ बदलायला आला, चहा घेऊन गेला, आणि मग न बिघडलेला नळ बघायलाही येऊ लागला. ताई नको नको म्हणत होती. धाकटीनेच तिला भरीला घातलं. भावोजींचं गाव लांब होतं. ताईला बसमध्ये बसवून आल्यावर काजवालीने दोघींच्या गाद्या एकावर एक घातल्या. तेवढ्या उंचावर झोप येईना, म्हणून ताईची गादी परत काढून जागच्या जागी घातली.

आता अख्खं पुस्तक तिचं एकटीचं होतं. सुरुवातीपासून वाचायची सवय नसल्यामुळे ती अडखळायची. जुने लेखक माणूस खोलीत आणायच्या आधी खोलीतलं सामान दाखवत बसतात, हे तिला नव्यानेच कळलं. ताईने सामान कधी सांगितलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी फळी झाडताना बहिऱ्याच्या कादंबरीचा पूर्वार्ध हाती लागला. ती तिथेच स्टुलावर बसून वाचू लागली. दुपार गेली. नवरा बहिरा नव्हता. चांगला तिखट कानांचा होता. दूरवरून येणारी गाडी कुणाची, ते ओळखायचा. आणि बायको निघाली तेव्हा चार माणसांदेखत त्याने सांगितलं होतं की परत आलीस तर हे दार तुला उघडणार नाही.

तिने ताईला फोन लावला. काय झालं ते ऐकून ताई आधी हसली, मग म्हणाली, "तू तेव्हा जेवत नव्हतीस गं. मला दुसरं काय सुचणार? बहिरा करून टाकला त्याला."

"तू वाचलंच नव्हतंस?"

"चार पानं वाचली असतील. ती जाडी पुस्तकं मला झेपत नव्हती. पण तू भाजी घेऊन बसायचीस माझ्या तोंडाकडे बघत."

काजवालीला विचारायचं होतं की आणखी कुठल्या कुठल्या गोष्टी ताईच्या मनाच्या होत्या. तेवढ्यात तिकडे भावोजींनी हाक मारली आणि ताईने नंतर करते म्हणून फोन ठेवला. नंतर तिचा फोन आला, पण त्यात नव्या घरच्या पाण्याचंच बोलणं झालं. आताशा काही वाचतेस का, असं हिने विचारलं. ताई म्हणाली, वेळ कुठे मिळतो, आणि खरं सांगायचं तर आठवणही होत नाही.

फळीवर बाकीचे पूर्वार्ध होते. काजवालीने ते वाचले नाहीत. त्यांतली हसती माणसं लेखकाची की ताईची, हे तिला जाणून घ्यायचं नव्हतं. त्याऐवजी ती भराभर खुनाची पुस्तकं वाचू लागली. परवा एक असंच हातात होतं. खून कुणी केला ते तिने मध्यावरच ओळखलं, आणि शेवटी तोच निघाला. ती एकदम हसून मान वर करून ताईच्या गादीकडे बघू लागली. खोलीत ऊन आलं होतं. मग उठून तिने गॅस पेटवला.