तळपायावरचा तीळ

माझ्या नवऱ्याच्या डाव्या तळपायावर तीळ होता, आणि तळपायावर तीळ म्हणजे परदेशयोग, असं सासूबाईंचं ठाम मत. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे किरकोळ. आखातात मेसईदची नोकरी लागली ती तिळामुळे! गेल्या वर्षी तो तीळ पसरायला लागला तेव्हा महाशय खुशीत. म्हणाले, "आता बहुतेक कॅनडा."

मी डॉक्टरांचं नाव काढलं की स्वतःचा हात माझ्यापुढे नाचवायचे. "हा रंग बघ. स्किन कॅन्सर गोऱ्यांना होतो. ऊन आपलं काय वाकडं करणार?"

आमच्या शेजारी एक मेक्सिकन बाई राहतात, रंगाने आमच्या नात्यातल्या वाटाव्यात अशा. एकदा त्या चहाला आल्या असताना महाशय सवयीप्रमाणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. तळपाय दिसताच बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, त्यांचे वडील गवंडी होते. तेही असाच हात दाखवून हसायचे. गावच्या डॉक्टरांनीही त्यांचा डाग कुरूप समजून वर्षभर मलमच दिलं.

"तळपायाला ऊन कुठे लागतं?" बाई म्हणाल्या. "बाबांना तिथेच झाला."

पुढचं आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नवरा मुकाट्याने दवाखान्यात आला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा, तिळासकट निघाला. सासूबाईंना कॅन्सरचं सांगायचं नाही असं आमचं ठरलं. नवऱ्याने फोनवर एवढंच सांगितलं, "आई, तो तीळ काढून टाकला."

त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता परत येशील ना रे?"