क्रेनची लेक

माझ्या दादाला सगळा बाजार 'क्रेन' म्हणतो. अंगावर मूठभर मांस नाही, उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, आणि फ्रिज असा उचलतो की बघणाऱ्यानेच आपली कंबर धरावी. लोकांची घरं इकडून तिकडे हलवायचा आमचा धंदा. चार माणसं, एक ट्रक, मागे मोकळं अंगण असलेलं गोदाम आणि फोनवर मी. फोन माझ्याकडे, कारण दादा बोलत नाही. काम करताना तर मुळीच नाही. जिन्यात कपाट चढवायचं असलं की तो खालचं जड टोक घेतो आणि म्हणतो, "हं." आखूड हं म्हणजे उचला, लांबलचक हं म्हणजे फिरवा. माणसं जुनी, त्यांना तेवढं पुरतं. गिऱ्हाइकं मात्र मला बाजूला घेऊन विचारतात, ही माणसं भांडलीत का एकमेकांशी?

त्याची मुलगी याच शाळेत वाढली. सुट्टी लागली की ट्रकवर चढायची. कोणाच्या हातात जड काही दिसलं की तिने दुसरं टोक धरलंच म्हणून समजा. विचारणं नाही, सांगणं नाही. घरात तिला मौनी म्हणतात. मी मौनीबाबा म्हणते, पण ती चिडत नाही, कारण चिडायचं म्हटलं तरी बोलावं लागतं.

अशा या मौनीच्या डोक्यात सैन्यात अधिकारी व्हायचं शिरलं. अभ्यासात हुशार, पळण्यात मुलांना मागे टाकणारी. लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाली आणि निवडीच्या शिबिराला गेली. तिथे मैदानावर एक काम देतात. मध्ये खड्डा, अलीकडे एक पिंप, दोन फळ्या, एक दोर आणि तीन मदतनीस. तुम्ही म्होरके. पिंप पलीकडे न्यायचं.

मौनी परत आली ती तोंड पाडून. निवड झाली नव्हती.

"सगळ्यांत आधी माझंच पिंप पलीकडे गेलं," ती म्हणाली. "तरी नाव नाही."

"पडलं का मध्ये?" दादाने विचारलं.

"नाही. ओरखडासुद्धा नाही."

"मग चूक कसली काढतात?" दादा तापला. बाप-लेक दोघंही कोड्यात पडून एकमेकांकडे बघत बसले.

मी विचारलं, "आणि ते तीन मदतनीस काय करत होते?"

"ते? ते उभे होते. मीच केलं ना सगळं." हे सांगताना तिची मान ताठ होती, आणि बापाचीही.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये, त्यांना हमाल नको होता. हमाल त्यांना पैशाला पासरी मिळतात. त्यांना काम करवून घेणारी बाई हवी होती."

दोघंही गप्प झाले. म्हणजे तसे ते नेहमीच असतात, पण या वेळी त्यांना कळलं होतं.

आता एकच संधी उरली होती. त्यानंतर वय बसत नव्हतं. मौनीने मला एवढंच सांगितलं, "आत्या, दुसरं काही व्हायची माझी इच्छाच नाही." तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकून मी वाजणारा फोन तसाच वाजू दिला.

दादाच्या मात्र अंगात आलं. दुसऱ्याच दिवशी गोदामाच्या मागचं अंगण त्याने झाडून काढलं, चुन्याने खड्डा आखला, रिकामी पिंपं, फळ्या, दोर, सगळं मांडलं. वहिनी दवाखान्यात परिचारिका आहे. ती ड्यूटीवरून येऊन बघते तर धुण्याची दोरी गायब. "घराला घर म्हणून ठेवाल का काही?" असं ती म्हणाली खरी, पण मौनीच्या पळण्याच्या बुटांना नव्या नाड्या तिनेच ओवल्या. मदतनीस म्हणून दादाने आपलीच माणसं उभी केली. मौनीने फळीकडे नुसतं पाहिलं की एकाने ती आडवी टाकली, दुसऱ्याने दोर बांधला, तिसरा पिंप घेऊन पलीकडे. सगळं मूग गिळून. दादा खूश. "बघ, कशी चालवते तिघांना."

"कुठे चालवते?" मी म्हटलं. "ती माणसं तुझ्या तालमीतली. ती आंधळ्याने सांगितलं तरी करतील. तिकडे तिला परकी माणसं मिळणार. तिला अशी माणसं दे, ज्यांना उचलण्यातलं ओ की ठो कळत नाही."

अशी माणसं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. समोरचा औषधवाला, जो आपली पिशवीही नोकराच्या हातात देतो. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, उंचीने माझ्या खांद्याला लागणारे आणि दर वाक्याला 'याचं कारण काय' विचारणारे. आणि कोपऱ्यावरची केस कापणारी, जिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गिऱ्हाईक मान हलवायलाही घाबरतं. तिघंही हौसेने तयार झाले. मास्तर तर शिट्टी घेऊन आले, ती मी काढून घेतली.

पहिल्या संध्याकाळी जे झालं त्याला कसरत म्हणायचं की तमाशा, मला ठरवता आलं नाही. मौनी फळीकडे बघत राहिली. तिघं मौनीकडे बघत राहिले. मग केस कापणारी म्हणाली, "अगं, मी काय करू ते सांगशील की मी घरी जाऊ?" मौनीचा हात फळीकडे गेला. मी ओरडले, "हात मागे." ती तोंड उघडायची, मिटायची. शेवटी कसंबसं म्हणाली, "मास्तर... ती फळी."

"फळीचं काय?" मास्तर म्हणाले.

बरोबर होतं त्यांचं. फळीचं काय, हेच तर तिला सांगता यायला हवं होतं.

रोज संध्याकाळी हा खेळ चालू झाला. हळूहळू मौनीच्या तोंडून अख्खी वाक्यं बाहेर पडायला लागली. "मास्तर, तुम्ही टोक धरा, मी सांगेन तेव्हाच सोडा." "काका, गाठ सैल आहे, परत बांधा." अंगणाच्या भिंतीबाहेर बघे जमायचे. आमची सगळ्यांची नुसती धांदल. मी फोनवर असताना खिडकीतून डोकवायचे आणि गिऱ्हाइकाला भलताच पत्ता विचारायचे. अडचण एकच होती. दादाचे हात शिवशिवायचे. कुठे काही कलंडलं की हा मधे घुसून धरणार. आणि बाप आत आला की मौनीची वाचा बसायची. बापाला काय सांगणार?

अशात औषधवाल्याने घर बदलायचं काढलं. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या आईचं सागवानी कपाट, एकसंध, सुटं न होणारं. नेमकी आमची दोन माणसं सामान जिन्याशी उतरवून ट्रक घेऊन दुसरीकडे गेलेली. "आम्ही आहोत की," औषधवाला छाती काढून म्हणाला. दादाने मौनीकडे पाहिलं. "आजचं काम तुझं," तो म्हणाला आणि लगेच जाऊन खालचं टोक पकडून उभा राहिला. सवय.

दोन मजले छान गेले. मौनी वरच्या पायरीवरून सांगत होती, औषधवाला आणि आमची उरलेली माणसं वर, दादा खाली, त्याच्या मागे मास्तर आणि मी. शेवटच्या वळणावर कपाट अडकलं. इकडे हलेना, तिकडे हलेना. औषधवाल्याची आई वरून "पॉलिश, पॉलिश" करत होती.

"हं," दादा खालून म्हणाला आणि जोर लावला. भिंतीचा पोपडा पडला.

मौनी वाकून बघत होती. तिला वरून दिसत होतं आणि मलाही खालून दिसलं, की कपाटाला फिरायला जी जागा हवी, तिथे आमचा हा उंचच उंच क्रेन उभा आहे.

"बाबा," मौनी म्हणाली. "तुम्ही बाहेर या."

"हं?"

"बाहेर या. मास्तर, तुम्ही बाबांच्या जागी जा."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. दादा म्हणाला, "पोरी, चिरडतील ते. माझ्या अंगावर आहे सगळं."

"नाही, बाबा. कपाट पायरीवर टेकलंय. वजन पायरीवर आहे. तुम्ही नुसता जोर लावताय, म्हणून ते फिरत नाही." तिचा आवाज चढला नाही, पण थरथरतही नव्हता. "मी सांगते, सोडा."

जिन्यात कोणी हललं नाही. या माणसाला कामावर कोणी, कधी काही सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. दादाने हात किंचित सैल केले. कपाट होतं तिथेच राहिलं. मग तो अंग चोरून, भिंतीला घासत बाहेर आला. मास्तर आत शिरले, आणि नवल म्हणजे याचं कारण काय हे त्यांनी विचारलं नाही. "मास्तर, फक्त डावा कोपरा सांभाळा. काका, तुम्ही कठड्याकडे ओढा. सावकाश. अजून. थांबा. आता सगळे." कपाट फिरलं आणि वर गेलं.

मला वाटलं, दादा दुखावला असेल. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, चुन्याने पांढरा झालेला. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "पाहिलंस?" तो कुजबुजला. "मला बाहेर काढलं तिने." त्या आठवड्यात चहावाल्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्याने ही गोष्ट सांगितली, तीही पूर्ण वाक्यांत. "माझ्या पोरीने मला हाकललं," असं सुरू करायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, घरात भांडण झालं.

मौनी शिबिराला गेली. ते दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. निकालाच्या दिवशी दादाने काम घेतलंच नाही. वहिनी सुट्टी टाकून बसली होती. मास्तर, औषधवाला, केस कापणारी, सगळे गोदामात, जणू आपलाच निकाल आहे. फोन वाजला. मी उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच तोंडून शब्द फुटेना.

"आत्या, झाली निवड," मौनी म्हणाली. "बाबांना दे."

माझ्या तोंडाकडे बघूनच वहिनी रडायला लागली. दादाने फोन दोन्ही हातांनी धरला. अभिनंदन नाही, शाबासकी नाही. त्याने एकच विचारलं, "पिंप न्यायचं होतं का?"

"हो, बाबा."

"तू काय उचललंस?"

"काही नाही. एक बोटही लावलं नाही."

दादाने फोन छातीशी धरला आणि आमच्याकडे वळला. जन्मभर लोकांची ओझी वाहिलेला माझा भाऊ लहान मुलासारखा हसत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायची त्याला शुद्ध नव्हती. "ऐकलंत का?" तो सगळ्यांना सांगत होता. "एक बोटही लावलं नाही म्हणते."