कासाबाईच्या करडांचं कवाड

लोक म्हणत्यात, भागवत सुतार लय शांत माणूस. असंल! मी त्यांची बायको, राजेश्री. माझं डोकं अजून तापलेलंच हाय.

बावीस वर्षं आमच्या झरी गावात सुतारकी केली ह्या माणसानं. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती, आन् घरं कलत्यात. म्हणून कवाड करायचं म्हणलं की हे आधी चौकटीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायचे, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांची. दोन्ही मापं जुळली न्हाईत तर कवाड तिरकं कापायचे. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला सवयच तशी.

मग मोबाईलमधी सुतारकीचं एक अ‍ॅप आलं. खोटं कशाला बोलू, कामाचं हाय. फोटोवरनं माप काढतं, फळ्या कशा कापायच्या त्याचं चित्र देतं, लाकूड किती लागंल सांगतं. पण ह्यांनी सुतळी खुंटीला टांगली ती टांगलीच!

कासाबाई गावाच्या कडंला एकटी राहती. तिचा पोरगा मल्हारी शेरडं-मेंढरं घेऊन लांब चारायला गेलेला, नुकती जन्मलेली चार करडं तिच्यापाशी ठिवून. करडं कोंडायच्या खोलीचं कवाड कुजलेलं. "भागवता, मोकाट कुत्री लय झाल्यात, लवकर दे रं बाबा," म्हणली. ह्यांनी दारात उभं राहून फोटो काढला आन् घरी कवाड केलं. बसवायला गेले तर बसंना. चौकट कललेली! रंधा मारून मारून बसवलं, तर खालच्या कोपऱ्यात चार बोटं फट. "उद्या पट्टी मारतो मावशे," म्हणाले, आन् दुसऱ्या दिवशी गेले सेलूला, कुण्या बंगल्याच्या कपाटाचं माप घ्यायला.

परवा सकाळी कळलं. कुत्र्यांनी फटीखालची माती उकरली. चारीच्या चारी करडं गेली.

मी मोबाईल हिसकून घेतला. त्यात चक्क मराठीत लिव्हलेलं, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापं टाका. ह्यांनी 'नंतर' दाबलेलं. "त्या डबड्याला कळतंय," मी म्हणलं, "तुमची अक्कल कुठं गेली व्हती चरायला?"

मग हे निघाले पट्टी घेऊन. वरातीमागून घोडं! मी बी गेले संगं. कासाबाई उंबऱ्यावर बसलेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे ठोकायला वाकले तवा ती एवढंच बोलली.

"ठोक बाबा. पर मल्हारी आला की त्याला तूच सांग."