बुंध्याच्या सालीतला किडा

त्या दिवशी सकाळी माझा थोरला भाऊ ओनोफ्रे त्या पाइनच्या झाडाभोवती तीनदा फिरला. सालीवरून हात फिरवत होता. मी आणि वहिनी, डेल्फिना, ट्रकपाशी कॉफी घेत उभ्या.

गावच्या चर्चची तुळई मोडलेली, बर्फ पडायच्या आत नवी चढवायची होती. आमच्या न्यू मेक्सिकोच्या डोंगरात तुळईचं झाड निवडायला लोक त्यालाच बोलवायचे, चाळीस वर्षं. त्याची खूण एकच. सालीवर एक किडा पळतो, लाल पोटाचा, पाठीवर काळेपांढरे पट्टे. नाव कुणाला माहीत नाही. झाड पोखरणारे भुंगे खातो तो. म्हणजे तो दिसला की झाड आतून गेलं, हात लावायचा नाही.

पण झाडं पाडायची ऑगस्टमध्ये, सान लोरेन्सोचा सण झाला की. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबर आला. गवतावर दव गोठलेलं. एक पाखरू बोलत नव्हतं.

"काय रे म्हाताऱ्या, सोयरीक जुळवतोयस का झाडाशी?" वहिनी म्हणाली.

"तुला बघायला आलो तेव्हा एवढं निरखून बघायला हवं होतं."

मी म्हटलं, "शेंडा दिसत नाही रे इथून. बाजूची झाडं आड येतायत."

"खाली हिरवं आहे, किडा नाही. झालं तर. जा, लांब उभ्या राहा दोघी."

करवत चालली. मग पाचर ठोकायला लागला. तिसऱ्या घावाला वर कडकन मोडलं. शेंडा वाळलेला होता. त्यानं वर बघितलं, पण त्या गुडघ्यानं पळता आलं नाही. शेंडा अंगावर आला. आम्ही पोचलो तोवर गेला होता.

पुरलं त्याला. दहा दिवसांनी गावातल्या माणसांनी ते अर्धवट कापलेलं झाड पाडून खोड चर्चच्या अंगणात आणलं. वहिनीच म्हणाली होती, त्यानं निवडलंय, तेच चढवा. साल काढायला आम्ही दोघी बसलो. ऊन चांगलं होतं. बुंध्याकडची साल उचकटली तर आत तो किडा. एक, मग अजून चार. थंडीला खाली येऊन बसलेले. ओनोफ्रेनं छातीच्या उंचीलाच बघितलं होतं. वाकता येत नव्हतं ना त्याला.

एक किडा उन्हानं जागा झाला, वहिनीच्या मनगटावर चढला. तिनं झटकला नाही. सुरी खाली ठेवली, माणसांना म्हणाली, "हे नका चढवू."

मग मनगट खोडाला टेकवलं. तो उतरला आणि सरसर शेंड्याच्या बाजूला चालत गेला.