डावा हात वर

बाईंनी माझी एक वेणी सोडली. तिची लाल रिबीन काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या डाव्या मनगटाला बांधली. गच्च. मग तो हात धरून वर उचलला आणि म्हणाल्या, "हा तुझा डावा. उद्या साहेब काहीही विचारोत, हाच वर करायचा. एवढं तरी जमेल ना?"

पोरं हसली. बाईही हसल्या. एक वेणी बांधलेली, एक सुटलेली, अशी मी उभी.

शाळेतली जुनी रीत होती ती. तपासणीला साहेब आले की त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा. येत नसेल त्यानं डावा. साहेबांना वाटायचं, सगळा वर्ग हुशार आहे. बाईंना मात्र नेमकं कळायचं, कुणाला उठवायचं आणि कुणाला नाही. आम्ही डाव्या हाताची पोरं. वर्ग भरलेला दिसावा एवढ्यासाठीच आमचे हात.

माझी पंचाईत अशी की मला डावं-उजवं कळायचंच नाही. अक्षरंही धरून ठेवता यायची नाहीत. एक ओळ वाचायला घेतली की खालची ओळ तिच्यात घुसायची. आज या अडचणीला नाव आहे, तिच्यावर पुस्तकं आहेत आणि मी ती वाचलेली आहेत. नव्वदच्या दशकात, नाशिकरोडच्या बाजूच्या आमच्या शाळेत, तिला एकच नाव होतं. ढ. मी वस्तीतली असल्यामुळे कारणही तयारच होतं. "यांच्या घरात कुणी शिकलंय का?" असं बाई दुसऱ्या बाईंना विचारायच्या, माझ्या देखत. वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या इंजिनिअरच्या मुलालाही वाचता यायचं नाही. पण तो म्हणे जरा खेळकर होता. त्याला शिकवणी लागली आणि मला मदत वर्गात टाकलं.

त्याच वर्षी वरून योजना आली होती. ज्या मुलांना शिकताना जास्त मदत लागते, त्यांना वर्षभर वेगळं बसवून शिकवायचं. वर्षअखेरीला साहेब येऊन बघणार. प्रगती दिसली तर मुलं वरच्या मजल्यावर, पाचवीच्या खऱ्या वर्गात. आई कॉलनीतल्या इमारतींचे जिने झाडायची. तिला एवढंच कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. रोज सकाळी वेणी घालताना ती बजावायची, "वरच्या वर्गात गेलीच पायजे तू. नाय तर हाच खराटा हाय तुलाबी."

मदत वर्ग म्हणजे जिन्याखालची सामानाची खोली. मोडकी बाकं, गॅदरिंगचे पडदे, एक फुटका ढोल. खडू नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांची राख वाऱ्यावर आमच्याकडे यायची आणि न झाडलेल्या बाकांवर पिठासारखी बसायची. वरचे वर्ग शिपाईमामा झाडायचे. आमची खोली आमची आम्ही.

आणि वर्षभर शिकवलं काय? बाई त्यांच्या घरचे तांदूळ आणायच्या. आम्ही ते सुपात घेऊन खडे निवडायचो. थंडीत मटार सोलायचो. बाई स्वेटर विणायच्या. आम्ही निवडलेले तांदूळ त्यांना चालायचे. आमच्या हातचं पाणी चालायचं नाही, ते शिपाईमामांनीच आणायचं. आजही कुणी शिक्षकांच्या त्यागावर भाषण करायला लागलं की माझ्या डोळ्यांसमोर ते सूप येतं.

त्या खोलीत रुखसाना होती. एका पायाला पोलिओ, लोखंडी पट्ट्यांचा बूट. चौथीत पहिली आलेली पोरगी. तिला शिकायला कसली मदत हवी होती? काही नाही. पाचवीचा वर्ग वर होता आणि तिला जिना चढता येत नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. तिचे मामा हेडसरांना भेटायला आले होते. वर्ग खाली घ्या म्हणाले. हेडसर म्हणाले, "एका मुलीसाठी वर्ग खाली आणायचा का?" मामा परत गेले. रुखसाना आमच्यात आली.

तिचे अब्बा येवल्याला पैठणीच्या मागावर बसायचे. सुट्टीत ती त्यांच्याकडे जायची, मागाशेजारी बसून राहायची. एकदा मी राखेत बोटानं रेघोट्या ओढत बसले होते. ती सरकत माझ्याजवळ आली आणि माझं बोट धरून तिनं राखेत मोठ्ठा 'क' काढला. पुसला. परत काढला. मग मला एकटीला काढायला लावला. असं कितीतरी दिवस. सूप मांडीवर, बोट राखेत. अक्षरं यायला लागली तरी ओळ काही धरता येईना. तेव्हा तिनं पुठ्ठ्याला एक फट पाडली आणि पुस्तकावर ठेवली. फटीतून एकच शब्द दिसायचा.

"अब्बा बोलते, सगळा पदर नाही बघायचा. एकाच टायमाला एकच धागा," ती म्हणाली. "तू पन तसंच कर."

मी तसंच केलं. वाचता यायला लागलं. अडखळत, घाम फुटत, पण यायला लागलं. बाईंना पत्ता नाही. त्यांना कसा असणार? त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

तर तपासणीचा दिवस. बाईंनी सगळ्या पोरांना ताकीद दिली होती, डावा. फक्त रुखसानाला उजवा. तिला वाचायला लावायचं आणि साहेबांना सांगायचं, बघा, आमच्या वर्गानं पोरगी कुठल्या कुठे नेली. राख पुसली होती. ढोल हलवला होता. माझ्या मनगटावर रिबीन होती, आईनं सकाळी सोडायला घेतली तर मीच सोडू दिली नव्हती. आदल्या दिवशीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. रिबीन बांधलेला हात डावा. म्हणजे दुसरा उजवा. आयुष्यात पहिल्यांदा मला खात्रीनं कळत होतं, उजवा कोणता.

साहेबांनी पुस्तक उघडलं. "हा पाठ कोण वाचून दाखवणार?"

सगळे हात वर. माझाही. रिबीन नसलेला.

बाईंना वाटलं, हिचा नेहमीचा गोंधळ. साहेबांच्या पाठीमागून त्या स्वतःच्या डाव्या मनगटावर बोट आपटायला लागल्या. ओठ हलत होते, तो नाही, तो नाही. मी हात खाली घेतला नाही. बाईंनी घाईनं रुखसानाचं नाव घेतलं. रुखसाना उठली नाही. वर केलेला हात तिनं खाली घेतला होता, दोन्ही हात बाकावर होते.

"साहेब, हिनं उजवा वर केलाय," ती म्हणाली.

साहेबांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. पान बघितलं आणि ओळी हलायला लागल्या. पुठ्ठा नव्हता. मी दातानं गाठ ओढली, रिबीन सोडली आणि पहिल्या ओळीखाली आडवी ठेवली. ओळ थांबली. "नदीच्या काठी एक मोठे झाड होते." मी वाचलं. रिबीन खाली सरकवली. पुढची ओळ वाचली. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी पाठ अर्ध्यावर सोडला नाही.

"वा," साहेब म्हणाले. "बाई, मेहनत दिसतेय तुमची."

"खूप जीव काढला साहेब हिच्यासाठी," बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी मला ढ म्हटलं, ते मी गिळलं होतं. वेणी सोडली, तेही गिळलं. पण राखेत घासलेलं बोट माझं होतं आणि ते धरणारा हात रुखसानाचा. तेवढंच आमचं होतं, आणि तेही या बाई उचलून पदरात घालत होत्या. हसत.

मी म्हणाले, "बाईंनी नाही शिकवलं. रुखसानानं शिकवलं. बाईंनी आमच्याकडून तांदूळ निवडून घेतले."

साहेबांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसर म्हणाले, "साहेब, पोहे थंड होतायत." आणि ते गेले. खरंच गेले, पोहे खायला. बाई तेवढ्या परत आल्या आणि त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. ती कामावरून तशीच आली, खराटा हातात. हेडसर म्हणाले, मुलीला माफी मागायला सांगा.

"पोरगी खोटं बोलली का?" आईनं विचारलं.

"तसं नाही हो, पण..."

"मंग माफी कशापायी?"

माफी मागितली नाही. जूनमध्ये मदत वर्ग बंद झाला. मुलांची प्रगती झाली, गरज उरली नाही, असं सांगण्यात आलं. आम्ही सगळे वर गेलो. रुखसानाला खाली खोलीच उरली नाही. मामा तिला काही दिवस कडेवर वर आणायचे. ती मोठी होत होती, लोक बोलायला लागले, मामांनी आणणं थांबवलं. चौथीत पहिली आलेली पोरगी घरी बसली आणि साड्यांना फॉल लावायला लागली. आजही लावते. मी ढ होते, मी बी.एड. झाले. यात नशीब वगैरे काही नाही. एक जिना होता आणि तो तसाच ठेवणारी माणसं होती.

दोन हजार सालानंतर मी विशेष शिक्षिका म्हणून लागले. पहिल्याच वर्षी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरच्या एका शाळेत गेले. तिथे कुबड्यांवर चालणारी एक मुलगी खाली ऑफिसच्या दारात बसवलेली. तिचा वर्ग वर. मी मुख्याध्यापकांना विचारलं. ते हसले. "मॅडम, एका मुलीसाठी वर्ग खाली आणायचा का?"

तेच शब्द. तोंड तेवढं दुसरं.

मी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि जिन्याच्या मधोमध पायरीवर बसले.

"हो, एका मुलीसाठी," मी म्हणाले. "तोपर्यंत या जिन्यावरून कुणी वर जाणार नाही. तुम्हीही नाही, सर."

दुपारपर्यंत बाकं खाली आली. एका बाकाचं एक टोक मी धरलं होतं.

लोक म्हणतात, मॅडम, जरा गोडीनं घ्या. गोडीनं मामा बोलले होते. मी गोडीनं घेत नाही. मी विनंतीही करत नाही. ज्या शाळेत एखादं लेकरू जिन्याखाली बसवलेलं दिसेल, तिथे मी जिन्यात बसणार. वर्ग खाली येईपर्यंत उठणार नाही.