पेटीचा भाता

मास्तरांनी पेटीचं झाकण आपटलं तेव्हा माझी चार बोटं आत होती.

मी एक काळी पट्टी दाबली होती, एक पांढरी. एवढाच गुन्हा. भाता कुणी ओढलेला नव्हता, त्यामुळं सूरसुद्धा निघाला नाही. आवाज झाला तो झाकणाचा, आणि मग माझ्या किंचाळण्याचा. नखांखालून रक्त आलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, बोटांना बांधायला देतील. त्यांनी रुमालानं पेटीच्या पट्ट्या पुसल्या. एकेक करून, शेवटपर्यंत.

पिंपरीत कारखाना नवा नवा उभा राहिला होता, तेव्हाची ही गोष्ट. पन्नासच्या दशकातली. मी विशीतला. चाकणच्या अलीकडं आमचं गाव. तिथून सायकल मारत भोसरीवरून पिंपरीला यायचो, खोकी उचलायचो आणि शिफ्ट सुटली की परत. एक दिवस गेटवर नोटीस लागली. कॉलनीच्या क्लबात संगीताचा वर्ग निघणार. कुठल्याही खात्यातल्या कामगारानं नाव द्यावं. नवशिक्यांनी एक वाद्य निवडावं.

निवडावं. हा शब्द मी तीनदा वाचला.

आमच्यात वाद्य निवडत नाहीत. मांगाच्या घरात पोरगा झाला की हलगी त्याची ठरलेली. त्याला कुणी विचारत नाही. माझा बा गावाची हलगी वाजवायचा. लग्न पाटलाचं, बा पुढं. मयत पाटलाचं, बा पुढं. पंगत बसली की बा लांब, उकिरड्याच्या कडेला. आणि एक नियम. मानकऱ्यानं हात वर केल्याशिवाय हलगी थांबवायची नाही. मी सात वर्षांचा असेन. पाटलाच्या वरातीत बाला सणकून ताप होता. चालता चालता तो गुडघ्यावर आला आणि हलगी थांबली. फार नाही, चार श्वास. वरातीला अपशकुन झाला म्हणून त्याला घोड्याच्या चाबकानं फोडला. आई पाठीला हळद लावत होती आणि बा मला सांगत होता, "चूक माजीच हाय. वाजप मधीच सोडायचं न्हाई, लेका. मेलं तरी न्हाई."

मी ते खरं मानलं. बा सांगतोय म्हणजे खरंच असणार.

पण मला पेटी पाहिजे होती. देवळात भजन चालायचं आणि आम्ही बाहेर ओढ्याच्या कडंला उभं राहून ऐकायचो. हलगीचा आवाज कडाडतो आणि संपतो. पेटीचा सूर बोट ठेवावं तोवर राहतो. माझ्या आईचा गळा गोड होता. दळताना, सारवताना गायची. तिच्या आवाजाखाली धरायला असा एक सूर मला पाहिजे होता. माझं मागणं एवढंच होतं. हलगी मला कमी वाटली म्हणून नव्हे. ती माझ्या गळ्यात बांधली होती म्हणून.

पहिल्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला विचारलं. कुणी तबला म्हणाला, कुणी बासरी. मास्तर चिंचवडचे, ब्राह्मण, गळा तयार, शब्द मऊ. माझी पाळी आली.

"तू काय शिकणार?"

"पेटी."

"वडील काय करतात?"

"हलगी वाजवत्यात."

वर्गात खसखस पिकली. मास्तरही हसले. "मग तुला शिकवायचं काय? तुझं तर रक्तातच आहे. टिपरू घे आणि बडव." ते दुसऱ्याचं नाव लिहायला वळले आणि मी, येडा, समोरच्या उघड्या पेटीवर बोटं ठेवली. तेव्हा ते झाकण आपटलं.

मला वर्गातून काढणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नोटिशीवर लेबर ऑफिसरची सही होती, अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला होता. काढता येत नाही म्हटल्यावर मास्तरांनी युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हे बघ, तू भाता ओढ. पेटीचा श्वास आहे तो. सगळ्यात मोठं काम." वर्गातली पेटी मोठी होती. पेटीच्या मागं मी बसायचं आणि भाता हलवत राहायचं. पुढं मास्तर दोन्ही हात मोकळे सोडून वाजवणार, पोरांना शिकवणार.

मी खूश झालो. खोटं कशाला सांगू? घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, की पेटीचा श्वास माझ्या हातात आहे. इतका मी बावळट होतो.

चार महिने भाता ओढला. सुजलेली बोटं बरी झाली, दोन नखं नवी आली. मी मागून डोकं वर काढून मास्तरांची बोटं बघायचो. कुठली पट्टी, कुठलं बोट, सगळं डोळ्यांनी टिपायचो. घरी एका फळीवर कोळशानं पट्ट्या काढल्या आणि रोज त्यावर बोटं फिरवली. आई हसायची. म्हणायची, "मुकी पेटी हाय व्हय रं ही?" पण गुणगुणायची माझ्यासाठी, आणि मी फळीवर तिची साथ करायचो.

गणपती जवळ आले. मी धीर केला आणि मास्तरांना म्हणालो, "मला येतंय थोडं. बघता का?"

"पेटीला हात लावायचा नाही. या टेबलावर दाखव."

मी टेबलावर बोटं ठेवली आणि तोंडानं सा रे ग म म्हणत चालवली. मग जे हसू फुटलं ते थांबेना. माझी बोटं उजवीकडून डावीकडं चालली होती. मी मागून बघत होतो ना. त्यांचं डावं ते माझं उजवं. चार महिने मी अख्खी पेटी उलटी शिकलो होतो.

मास्तर डोळे पुसत म्हणाले, "बघा. जातच उलटी, तर सूर सुलटे कुठून येणार?"

त्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आलो. पायडल मारायची ताकद नव्हती. मोशीच्या पुढं रस्त्याकडेला बसलो आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. मी उलटं शिकलो ते माझ्या जातीमुळं नाही, मला मागं बसवलं म्हणून. मागं बसवलेल्याला सगळं उलटंच दिसतं. बासुद्धा तसाच शिकला होता. चाबूक मारणाऱ्याची चूक तो जन्मभर आपली म्हणून सांगत आला होता. मी तिथं बसून मोठ्यांदा शिव्या दिल्या. मास्तरांना, पाटलाला आणि स्वतःला.

कॉलनीच्या गणपतीत रविवारी दुपारी मास्तरांचं गाणं होतं. मांडवात कारखान्याचे साहेब खुर्च्यांवर, बायाबापड्या सतरंजीवर. पेटीला मोठा आवाज यावा म्हणून मास्तरांच्या पुढ्यात माईक. मी पेटीमागं, नेहमीच्या जागी. मास्तरांनी पद रंगवलं. ताना घेतल्या. साहेबांनी माना डोलावल्या. दोन्ही हात पट्ट्यांवर नाचवत मास्तर वरच्या सुरावर गेले, तिथं थांबले, डोळे मिटले.

मी भाता सोडला.

आतली हवा होती तेवढी संपली. सूर खाली बसत गेला आणि मेला. मास्तरांचा नुसता गळा उघडा पडला, तोही फाटला.

"ओढ," ते दात खाऊन म्हणाले.

"न्हाई ओढत."

"मांगट्या, ओढ म्हणतो ना!"

माईक चालू होता. अख्ख्या कॉलनीनं ऐकलं. मी उठून उभा राहिलो. मास्तरांनी तबल्याची हातोडी उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली. पुढचा दात तुटून घशाकडं गेला. मी तो थुंकला, सतरंजीवर. हातोडी दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. काहीतरी कट्कन वाजलं. हातोडी पडली. मी त्यांना ढकललं, ते पेटीवर आडवे झाले आणि सगळ्या पट्ट्या एकदम खाली दबल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मग सहासात जण माझ्यावर पडले. पोटात लाथा, पाठीत लाथा, डोकं मांडवाच्या खांबावर. त्यात माझ्याच खात्यातला एक गडी होता, रोज माझ्याकडून तंबाखू लांबूनच तळहातावर टाकून घेणारा. लाथ घालताना त्याला विटाळ झाला नाही. लेबर ऑफिसर खुर्चीजवळ उभा होता. मी रक्तानं माखून पडल्यावर पुढं आला. "मास्तरांची माफी माग, प्रकरण मिटवून टाकू." मी विचारलं, "कशाची माफी?" दुसऱ्या दिवशी गेटवर मला आत सोडलं नाही.

रविवारी रात्री घरी आलो तेव्हा बानं माझं तोंड बघितलं. कुणी मारलं, असं विचारलं नाही. विचारलं, "मधीच थांबलास?"

"व्हय."

"मग चूक तुजीच हाय."

"न्हाई बा. माजी न्हाई. आणि त्या वरातीत तुजीबी नव्हती."

बानं हात उगारला. हात तसाच वर राहिला. मग तो भिंतीकडं तोंड करून बसला. आई चुलीपुढं बसून रडत होती. मी तिला उगी राहा म्हटलं नाही. रडण्यासारखंच होतं.

विसर्जनाच्या सकाळी कॉलनीतला एक कारकून सायकलवर वस्तीत आला. दारापासून दहा हात लांब थांबला. "म्हातारबा, झालं गेलं विसरा. मिरवणुकीला हलगी पाहिजे. चार जण घेऊन या." तुटक्या दाताच्या पोरासमोर त्याला हे बोलताना काहीच वाटलं नाही. बा सवयीनं उठला. खुंटीवरची हलगी त्यानं काढलीसुद्धा.

मी दारात आडवा झालो. हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड होती.

"हलगी येणार न्हाई," मी कारकुनाला म्हणालो. "ह्या वस्तीतला एकबी माणूस येणार न्हाई. जो जाईल त्याचं पाय तोडीन. माझा बा असला तरी."

बा जागच्या जागी थांबला.

"मग तुला पाहिजे तरी काय?" कारकून म्हणाला.

"पेटी. म्होरं बसून."

तो हसला. "डोकं फिरलंय तुझं. उद्या वस्ती पेटवली तर रडू नकोस."

"पेटवायला कोण येतंय ते बघतो," मी म्हणालो. मी कुऱ्हाड घेऊन एक पाऊल पुढं टाकलं आणि त्यानं सायकल वळवली.

नोकरी गेली होती. दात गेला होता. शिकवणारा मास्तर कुठं मिळेल हे ठाऊक नव्हतं. पण दारात उभं राहून मी ठरवलं, ते अजून तसंच आहे. हलगी वाजली तर आमच्या मर्जीनं वाजेल, कुणाच्या हुकमानं नाही. मी शिकीन तर पेटी शिकीन, आणि समोर बसून शिकीन. मला पुन्हा मागं बसवायला जो हात पुढं येईल, तो हात मी मोडीन.