कोबेच्या देवाचा राहिलेला नवस

आपल्या मुलखाबाहेर देव आपले ऐकतो का, ही शंका मला कोबेत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. जळगावच्या एका कापूस पेढीने मला जपानच्या त्या बंदरात मालाची प्रत पाहायला ठेवले होते. तिथे धुळ्याहून मेहुण्याची तार आली. पत्नीला विषमज्वर, आशा थोडी. बोटीने घर गाठायला महिना तरी लागणार होता. मी हिशेबी माणूस. तो ताप महिनाभर वाट पाहणार नाही, हे उत्तर मी स्वतःच काढले आणि जेवण टाकले.

ज्या विधवा म्हातारीच्या घरी मी भाड्याने राहत होतो तिला मी अक्का म्हणत असे, ती मला इंडोसान, म्हणजे हिंदुस्थानचे गृहस्थ. त्यांची भाषा मला कामापुरती येऊ लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला टेकडीवरच्या देवस्थानात नेले. दर्यावर्दी लोकांचे ते फार जुने दैवत. लाकडी कमानीतून आत गेल्यावर टाक्याच्या पाण्याने हात धुतले, चूळ भरली. देवळाच्या दारावर भाताच्या पेंढ्याचा जाड दोर होता. मूर्ती कुठे दिसेना, आणि लाकूड तर कोरे वाटले.

"एवढे जुने म्हणता, मग हे नवे कसे?" मी विचारले.

"दर काही पिढ्यांनी आम्ही देऊळ उतरवतो आणि तसेच पुन्हा बांधतो. लाकूड नवे, देव जुना."

घरच्या आजाऱ्यासाठी इथे शंभर वेळा अनवाणी देवापुढे यायचे असते, असे तिने सांगितले. मी लगेच देऊळ उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालू लागलो. अंगणातला एक म्हातारा हसला. "बाई, तुझा पाहुणा देवाला कुंपण घालतोय का?"

"तू गप्प बस. त्याच्या गावी असेच असेल," अक्का म्हणाली आणि माझ्या मागून चालू लागली. "इंडोसान, सावकाश. एवढा पळालास तर देवाला नुसती तुझी पाठ दिसेल!"

खडीने पाय सोलले. पोटात अन्न नव्हते, साठाव्या फेरीच्या पुढे कुठेतरी मी घेरी येऊन खाली बसलो. राहिलेल्या फेऱ्या तिने घातल्या, त्याही माझ्यासारख्याच, देवळाभोवती. बसल्या जागेवरून मला दुसरी एक बाई दिसली. ती अंगणातल्या दगडी खांबापासून देवापर्यंत येई, वाकून दोन टाळ्या वाजवी आणि परत खांबाकडे जाई. तिथली खरी रीत ती होती. माझे चुकले होते, आणि माझी चूक अक्काने सोलल्या पायांनी पुरी केली होती.

आठवड्याने तार आली, ताप उतरला. कशाने उतरला ते मला ठाऊक नाही. पेढीने मला लगोलग घरी धाडले. निघताना अक्का म्हणाली, "मागणे पुरे झाले की आभाराला यावे लागते. बायकोला घेऊन ये." मी हो म्हणालो.

पुढे पेढीने तिथले काम आवरले, मग लढाई आली. कोबे बॉम्बने जळाल्याचे वर्तमानपत्रात वाचले. त्यानंतर पाठवलेल्या पत्राला उत्तर नाही.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवीचे रोट होतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठभर गहू घ्यायचे, दळून त्याचा नैवेद्य करायचा आणि तो रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचा. गेल्या श्रावणात पत्नीने अक्काच्या नावाने एक मूठ जास्त घेतली. माझ्या वहिनीने अहिराणीत टोकले, "जपाननी बाई आपली भाऊबंद कव्हय झायी?"

"मना जीवसाठे चालनी ती," पत्नी म्हणाली. "घरनीच शे."

त्या मुठीचा वाटा आम्ही दोघांनी खाल्ला. नवस फिटला असे मी म्हणणार नाही. देऊळ जळले असेल तर ते लोक तसेच पुन्हा बांधतील, पण अक्का पुन्हा कुठून आणायची? आता हिशेब धरत नाही. सकाळी घरच्या देवासमोर हात जोडतो, आणि आधी दोन टाळ्या वाजवतो. पत्नीही वाजवते.